तपासणीच्या आदल्या दिवशी फिरलेला पाळणा

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. भोर तालुक्यातल्या एका यात्रेतली ती दुपार मात्र जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती.

गाव भोंगवलीच्या पलीकडचं. यात्रेचा मुख्य दिवस दुसऱ्या दिवशी होता. आकाशपाळणा उभा झाला होता, पण तो चालवायला परवानगी नव्हती. बांधकाम खात्याचा यांत्रिकी अभियंता पाळणा तपासतो, वीज निरीक्षक जोडणी पाहतो आणि दोघांचे दाखले आल्यावरच परवाना मिळतो. दोघेही दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. त्याआधीच पाळणा फिरला. एक पेटी वर जाताना एका बाजूने निखळली आणि आत बसलेली तरुणी खाली पडली. ती यात्रा समितीच्या अध्यक्षांची मुलगी, यात्रेसाठी माहेरी आलेली. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं, कमरेलाही जबर मार बसला होता.

फिर्याद वडिलांनीच दिली. पाळणेवाल्याने बेफिकिरीने पाळणा चालवला, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पाळणेवाला पसार झाला होता आणि गावची तरुण मंडळी मोटारसायकली घेऊन त्याला शोधत फिरत होती. त्यांच्या आधी तो आम्हाला सापडणं गरजेचं होतं.

खबर दिली एका ओळखीच्या एसटी कंडक्टरने. शर्टावर रक्त आणि हाताला ग्रीस लागलेला एक माणूस हिर्डोशीला उतरला होता. आम्ही लगेच निघालो. तो थांब्याजवळच्या कठड्यावर बसला होता. जीप पाहून स्वतःच उठून उभा राहिला. रक्त त्या मुलीचंच होतं. तिला उचलून गाडीत ठेवणारा तोच. दगड येऊ लागले तसा तो निघाला होता.

चौकशीत त्याने सगळं आपल्यावर घेतलं. घाई झाली, पेटी अडकवायची पिन नीट बसली नव्हती, चूक माझी. अशी सरळ कबुली मिळाली की तपास अधिकाऱ्याने जरा थांबावं, असं मला अनुभवाने वाटतं. पंचनाम्याच्या वेळी पाहिलेल्या दोन गोष्टी मनातून जात नव्हत्या. पाळण्याच्या पायथ्याशी वाळूने भरलेली पोती रचलेली होती. माणसं बसवण्याआधी पोती ठेवून पाळणा फिरवून पाहतात. म्हणजे त्याला चाचणी घ्यायची होती. आणि तिकिटाची खिडकी अजून उभीच केलेली नव्हती. मग घाई नेमकी कोणाला होती? विचारलं, तर म्हणाला, "साहेब, ह्याच गावांवर आमचं पोट हाय. नाव घेतलं तर उद्या पाळणा कुठं लावू?"

मुलगी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने भोरच्या दवाखान्यात तिचा जबाब घेतला. वडील तिच्या उशाशी बसले होते. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, तर तीच म्हणाली, "असू द्या त्यांना हितंच." मग तिने सावकाश सांगितलं. मुख्य दिवसाआधी पाळणा फिरता दिसला तर आजूबाजूची गावं लोटतील, असं समितीला वाटत होतं. पाळणेवाला हात जोडून नको म्हणत होता. गावकरीही बसायला कचरत होते. तेव्हा अध्यक्षांनी आपल्याच लेकीला पुढे केलं होतं.

"मला भ्या वाटत हुतं," ती म्हणाली. "पण अण्णांकडं बघितलं आन् बसले."

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "लिहा साहेब. म्याच बसवली तिला. त्यो न्हाईच म्हणत हुता." मुलीने पांघरुणातून हात काढून त्यांचा हात धरला.

गुन्ह्यात दोघांनाही आरोपी केलं. पाळणेवाला सुटला नाही, कारण दाखल्याशिवाय पाळणा सुरू करणारा हात त्याचाच होता, आणि ते त्याला मान्य होतं. अध्यक्षांनीही न्यायालयात काही नाकारलं नाही. जामिनावर सुटल्यावर दोघे ठाण्याच्या आवारात समोरासमोर आले. पाळणेवाल्यानेच आधी विचारलं, "ताई चालत्यात का आता?" कुबड्या घेऊन चार पावलं टाकते, असं उत्तर मिळालं. तो बरं म्हणाला आणि रस्त्याला लागला.

त्याआधी मी असे दाखले अर्जाला जोडायचे कागद म्हणूनच पाहत आलो होतो. नियम लबाड माणसाला अडवण्यासाठी असतात, अशीच माझी समजूत होती. या प्रकरणात लबाड कोणीच नव्हतं. एकाला गावाची यात्रा भरलेली पाहायची होती, दुसऱ्याला मोठ्या माणसाचा शब्द मोडवला नाही आणि तिसरीचा बापावर विश्वास होता. अशा वेळी नको म्हणायला परक्या गावचा, कोणाच्याही भिडेत नसलेला एक तपासनीस लागतो. तो येईपर्यंत थांबायचं, एवढंच आपल्या हाती असतं.