मागच्यांना ऐकू येतंय का?

भटू गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. दुपारची वेळ होती. मी ओसरीत मिरचीची देठं खुडत बसले होते आणि शेजारी पडलेला मोबाईल सारखा टिंगटिंग करत होता. मिरचीच्या हातांनी तो धरावा कसा? शेवटी हाताला गोडेतेल चोळलं, पदराला पुसलं आणि बघितलं, तर गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आलेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली बासरीचं रडकं संगीत, मध्ये हार घातलेला भटूचा फोटो... अजून नीट कळायच्या आत फोटो सरकला आणि त्याचं गाजलेलं भाषण सुरू झालं. कोरड्या नळाशेजारी उभा राहून भटू ओरडत होता, “निर्मलाताईनी खालनी गल्लीनं पानी तोडं! आते मतं मांगाले उनी ते दारमा उभी करू नका!”

निर्मलाताई म्हणजे मीच. भटू मेला आणि मी पाणीतोडी, ह्या दोन्ही बातम्या मला एकाच व्हिडिओत मिळाल्या. आधी कशासाठी रडायचं तेच कळेना. शेवटी रडलेच. भटूसाठीच रडले, खोटं कशाला सांगू? दर राखीला हात पुढे करणारा, समोरच्या दारातला भाऊ होता तो माझा.

ह्या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमचा त्यांच्याशी घरोबा होता. चार चांगले शब्द लिहा.” मी हो म्हटलं. आज त्याला जाऊन काही आठवडे झाले, तरी ते चार शब्द सरळ रेषेत येत नाहीत. चांगलं आठवायला बसावं तर मागून दुसरंच वर येतं. तेव्हा जसं येतंय तसं लिहिते.

चांगलं पुष्कळ होतं. भटूला देवाने गळा असा दिला होता की तापीच्या ह्या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या केळीच्या बागेतला माणूस वळून बघायचा. सारंगखेड्याच्या यात्रेत हरवल्या-सापडल्याची हाळी द्यायला दरवर्षी त्यालाच बसवायचे. घोड्यांच्या गर्दीत एखादं पोर आईबापांपासून सुटलं, की भटू त्याला मांडीवर घेऊन, हातात जिलबी देऊन माइकवर सांगायचा, “पोऱ्या हारपेल नही शे, तो आठे जिलबी खाई ऱ्हायना. त्याना मायबाप हारपेल शेत, कोनले सापडनात ते आनी द्या!” सगळी यात्रा हसायची आणि आईबाप धावत यायचे. माइक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, “मांगे ऐकू यी ऱ्हायनं का?” मागून हात वर झाल्याशिवाय हा पठ्ठ्या पुढे बोलायचाच नाही. मी एकदा विचारलं, “पुढच्यांना ऐकू येतंय ना? मग झालं की!” तर म्हणाला, “ताई, पुढे मोठला लोके बठतस. मांगे बठनारास्ले कोन इचारस?”

ह्या वाक्यावर मी भाळले. मी शाळेत शिकवायचे, वयाने त्याच्याहून बरीच मोठी, पण ते वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. पुढे गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा मला उभं करणारा भटूच. रिक्षाला भोंगा बांधून तो गल्लोगल्ली फिरला. वाड्यांवर गेला की भिलीत बोलायचा, गुजर गल्लीत गुजरीत आणि आमच्यात अहिराणीत. घसा बसला की रेखा, म्हणजे त्याची बायको, हळदीचं दूध घेऊन रिक्षामागे पळायची. मी निवडून आले ती त्याच्या गळ्यावर, हे मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते.

मग त्याच्या हातात तो मोठा मोबाईल आला. सुरुवात वाईट नव्हती हो! फाट्यावर एक खड्डा होता, त्यात उसाच्या ट्रॉल्या कलंडायच्या. आम्ही अर्ज करकरून थकलो होतो. भटू त्या खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि लाईव्ह बोलला. खड्डा बुजला. गावाने त्याला खांद्यावर घेतलं आणि मीही टाळ्या पिटल्या. विसरवाडीच्या ढाब्यावर ट्रकवाले त्याला ओळखायला लागले, सुरतेला गेलेली आमची पोरं तिकडून त्याला हार्ट पाठवायला लागली. त्या हार्टांची त्याला चटक लागली. खड्डे तरी किती असणार एका गावात? खड्डे संपले तेव्हा त्याला माणसं लागली. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला तो दरवर्षी जायचा, ढोलावर नाचून, राखेने माखून सकाळी परत यायचा. पुढे पुढे तो तिथे व्हिडिओ काढायला जायला लागला, आणि काढून झाला की लगेच गाडीत. मी एकदा म्हटलं, “भटू, नाचला का रे?” तर म्हणाला, “टाइम कोठे शे ताई, नेट तठे धड चालत नही, खाले यी सन टाकनं पडस.”

आणि तो उन्हाळा आला. खालच्या गल्लीची पाण्याची मोटर जळली. वरच्या गल्लीत घरोघरी बोअर आहेत, खालच्या गल्लीचा जीव मात्र त्या एका मोटरीवर. व्होल्टेजचे खेळ, दुसरं काय! मी टेम्पो बोलावला, मोटर उतरवली आणि वाइंडिंगला शहाद्याला नेली. माझ्या शेजारी कोण बसलं होतं? भटू! वळणावर मोटर घसरू नये म्हणून त्याने ती स्वतःच्या गुडघ्याने दाबून धरली होती. शहाद्याला आम्ही एका कागदावरची भजी खाल्ली. वाइंडिंगवाल्याकडे मोटरींची रांग लागलेली, तो म्हणाला काही दिवस लागतील. परत येताना भटू नुसता बाहेर बघत बसला होता. मला वाटलं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी तो नळाशेजारी उभा राहिला आणि ते बोलला.

मी तशीच त्याच्या दारात गेले. म्हटलं, “अरे, मोटर तुझ्या गुडघ्याला टेकलेली होती ना रे? विसरलास?” त्याने मान खाली घातली नाही, ह्याचंच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, “ताई, मोटर जळनी हाई कोनीबी ऐकत नही. कोनी जाळी, ते इचारतस.” मग समजुतीच्या सुरात, “राग मानू नको. इलेक्शन शे. सरी जाई.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पद आता खुलं झालं होतं; निवडणुकीत मी पडले, माझ्यासमोर उभा राहिलेला तो सरपंच झाला. पडल्याचं दुःख नाही, खुर्ची का कुणी जन्माला घेऊन येतं? पण मोटर दुरुस्त होऊन आली, नळाला पाणी आलं, तरी तो व्हिडिओ काही थांबला नाही. तो फिरतच राहिला. खालच्या गल्लीतल्या बाया मला बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. माझा मुलगा सुरतेला असतो. तिथे शाळेतल्या पोरीने माझ्या नातीला तो व्हिडिओ दाखवला. नातीने मला फोनवर विचारलं, “आजी, तू खरंच लोकांचं पाणी बंद केलं होतंस?” मी म्हटलं, “नाही गं बाई.” ती म्हणाली, “मग व्हिडिओत कसं आहे?” पोरांना अक्षरं गिरवायला शिकवण्यात हयात गेली माझी, आणि स्वतःच्या नातीला एवढं पटवून देता आलं नाही.

आता गावाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कुणी कुणावर खोटा आळ घेतला आणि तो खोटा निघाला, तर आळ घेणाऱ्याने चावडीवर सगळ्यांसमोर उभं राहायचं, ‘मन्हा आळ खोटा व्हता’ असं तोंडाने म्हणायचं आणि स्वतःच्या हाताने त्या माणसाला तांब्याभर पाणी पाजायचं. त्याने ते पाणी प्यालं की विषय मिटला. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, कुणी केला तर गावच त्याला गप्प करतं. भटूच्या वडिलांनी एका बैलाच्या चोरीवरून असं पाणी पाजलं होतं, आणि भटू ती गोष्ट छाती फुगवून सांगायचा. “मन्हा बाप झुकना, पन गावमा झुकना,” म्हणायचा.

दिवस फिरतात. भटूहून तरण्या एकाने त्याच्यावरच लाईव्ह केलं, सरपंचांनी गावची गटारं गिळली म्हणून. ह्यातलं निम्मंअर्धं खोटं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, गटारं अर्धवट राहिली ती पावसामुळे. भटू एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. वाळला होता, श्वास लागत होता, पायांवर सूज होती. “ताई, मन्हावर आळ घाली ऱ्हायनात. खोटा!” मला हसू आलं. कडू हसू, पण आलं. तोही मग कसनुसा हसला. उठला, माझ्याच माठातलं पाणी माझ्याच तांब्यात भरलं आणि माझ्यापुढे धरलं. “चुकनं मन्हं. प्या ताई.”

मी तांब्याला हात लावला नाही. म्हटलं, “भटू, आळ जठे घाला, पानी तठेच पाजनं पडस. तू सगळ्या दुनियेसमोर बोललास आणि माफी माझ्या माठासमोर मागतोस?”

“व्हिडिओ करसू ते लोके म्हनतीन, याना सगळाच व्हिडिओ खोटा व्हतात.”

“म्हणू देत की! असतील तर म्हणतील.”

मग म्हणाला, “यात्रा सरू दे. चावडीवर करस, लाईव्ह करस. मन्हा शबद.” त्याने तांब्या ओट्यावर ठेवला आणि गेला. यात्रा सरली. नंदुरबारच्या दवाखान्यात नेताना गाडीतच त्याचं हृदय थांबलं. शब्द तसाच राहिला.

मी चिडलेय त्याच्यावर. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण चिडलेय! जिवंत होता तेव्हा निदान भांडता येत होतं. परवा खालच्या गल्लीतली कमलबाई वाटेत भेटली. इतक्या वर्षांनी तिने विचारलं, “ताई, ती मोटर खरंच जळेल व्हती का वं?” मी म्हटलं, “हो गं, भटूच होता माझ्या संगे.” तर तिने कानांवर हात ठेवले. “ऱ्हाऊ द्या ताई. तो बिचारा गया. मरेल मानूसले खोटं पाडू नका.” घ्या! तो मेला आणि माझं तोंडही शिवून गेला. आता गावात खरं बोलायला गेले तर मी निर्दयी ठरते.

त्याआधी, गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मंडप भरून माणसं होती. हात जोडलेल्या भटूचा फ्लेक्स दारात लागलेला, त्यावर ‘जनतेचा आवाज’. पुढच्या खुर्च्यांवर नेतेमंडळी, मला त्यांच्या कडेला बसवलेलं. खालच्या गल्लीतली माणसं सगळ्यात मागे, सतरंजीवर. भाषणं झाली. प्रत्येकाने नळावरच्या त्या भाषणाची आठवण काढली, माझं नाव तेवढं गाळून. मी खाली बघत होते.

आणि आतून रेखा बाहेर आली. नवरा गेलेली बाई अशी मंडपात येत नाही आमच्याकडे. बायका तिला मागे ओढत होत्या, तिने हात सोडवून घेतला. दुसऱ्या हातात तांब्या होता. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तांब्या बघितल्यावर जुन्या माणसांना सगळं कळलं. रेखाचा गळा म्हणजे नुसता श्वास. रडून तोही बसलेला. ती म्हणाली, “यास्नी तुमनावर घाला तो आळ खोटा व्हता. माले ठाऊक व्हतं. पानी प्या ताई.”

पहिल्या रांगेतल्या एकाने चटकन मोबाईल वर केला. रेखा त्याच्याकडे वळली. “काढू नको रे भाऊ. हाई दावानं नही शे.” त्याने मोबाईल खिशात घातला. खरं होतं तिचं. आमची रीत काही दाखवायची नाही. मी स्वतः त्या मोबाईलला किती शिव्या घातल्या आहेत, गावाला विचारा. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं सांगू? काढ रे बाबा, काढ! सुरतेला माझी नात आहे, तिला दाखवायचंय मला... हे मनातच राहिलं.

मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्याले; रीतीने विषय तिथेच मिटायला हवा होता. पिता पिता मागे नजर गेली. सतरंजीवर कमलबाई शेजारणीला हाताने विचारत होती, काय झालं म्हणून, आणि शेजारीण ‘काय की’ म्हणून मान हलवत होती.

तेवढ्यात मला भटूची आठवण आली. माइक हातात, मान उंच करून सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे बघणारा. “मांगे ऐकू यी ऱ्हायनं का?”

नाही रे भटू. मागे काहीच ऐकू गेलं नाही.