भांडणाची भाषा

आमच्या घरात भांडण मराठीत होतं. शेजारी सगळे हिंदी नाहीतर बुंदेली बोलणारे. त्यांना कळू नये म्हणून ही रीत माझ्या सासूबाईंनी पाडली. गोड बोलायचं ते बाहेर, हिंदीत. रागवायचं ते आत, मराठीत. थपडेचा आवाज सगळ्यांना कळायचा, पण त्याबद्दल कोणी विचारत नसे.

माझा मुलगा रेल्वेत आहे, त्याचे वडीलही होते. त्यांनी त्याला पट्ट्यानं बडवलं. आता तो बायकोवर आणि पोरावर हात उचलतो. बापानं मारलं हे कारण मला पटत नाही. मार खाल्लेले सगळेच मारत नाहीत.

नातू पंधरा वर्षांचा. लहानपणी माझ्या शेजारी बसून वरणफळं खायचा आणि शाळेतलं सगळं सांगायचा. मग हातात मोबाइल आला आणि त्यातला खेळ. जेवण गेलं, झोप गेली, अभ्यास गेला. बाप म्हणाला, पोरगा बिघडला, आणि जास्त मारू लागला. पोरगा जास्त खेळू लागला. हे कळायला माझ्या चौथीपेक्षा जास्त शिकावं लागत नाही.

यंदा उन्हाळा लागताना बापानं एका सकाळी त्याचा मोबाइल फरशीवर आपटला. सून मधे पडली, तिला लागलं. बाप ड्यूटीवर गेला, पोरगा घरातून निघून गेला. दुपार झाली तरी आला नाही. सुजलेला ओठ घेऊन सून बाहेर पडेना, म्हणून मी निघाले. सीपरी बाजारात एक दुकान आहे, तिथे पोरं तासावर पैसे देऊन कॉम्प्युटरवर खेळतात. तो तिथेच होता.

कानाला यंत्र लावून खेळातल्या कोणा लांबच्या पोराशी बोलत होता. "घबरा मत भाई, मैं आ रहा हूँ. तू पहले पट्टी बाँध ले." मग हसला. तसं हसणं मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. जखमी माणसाला धीर देणारं पोर आमच्याच घरात वाढलं होतं आणि त्याला तसा धीर आमच्यापैकी कोणी दिला नव्हता. मी तशीच उभी राहिले. वाटलं, हा आवाज घरी न्यावा.

खांद्यावर हात ठेवून मी म्हटलं, "चल, घरी चल."

त्यानं वळून न बघताच कोपर डोक्यावर घेतलं. शेजारचं पोरगं म्हणालं, "क्या हुआ बे?" मग नातवानं वळून मला पाहिलं.

"मुझे लगा पापा हैं."

"माझा आवाज तुझ्या बापासारखा आहे?"

"आवाज नहीं, दादी. मराठी."

पूर्वी तो मला आजी म्हणायचा.

मी बाजूच्या स्टुलावर बसले आणि हिंदीत म्हटलं, "खेल पूरा कर ले. मैं बैठी हूँ."

जरा वेळानं त्यानं विचारलं, "मम्मी?"

"होंठ सूजा है. तेरी राह देख रही है."

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आप खेलोगी?"

"मैं तो घुसते ही मर जाऊँगी."

"पीछे रहना. मैं सँभाल लूँगा."

डाव संपल्यावर तो माझ्याबरोबर ऑटोत बसला.

संध्याकाळी मुलगा आला. मी दार उघडं ठेवलं आणि मोठ्यानं हिंदीत सांगितलं, "अब इस घर में हाथ उठा, तो मैं थाने जाऊँगी."

"आई, हळू. लोक ऐकतायत."

"सुनने दो."

सुनेनं खिडकी लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मुलगा न जेवता झोपला. तेव्हापासून त्यानं हात उचललेला नाही. पुढचं मला माहीत नाही.

नातू अजून खेळतो. पण जेवायला माझ्याजवळ येऊन बसतो. आम्ही हिंदीत बोलतो. माझी हिंदी इतक्या वर्षांनीही बाजारापुरतीच. त्याला लहानपणचं काही सांगायला गेलं की शब्द पुरत नाहीत. तोंडात येतात ते मराठी, ते मी गिळते.

परवा विसरले आणि म्हणाले, "ये, गरम आहे तोवर जेवून घे." तो जागचा हलला नाही. मग आला, बसला, खाली मान घालून जेवला. मला आणखी बोलायचं होतं. धीर झाला नाही. त्याच्या पानात थोडं वरण वाढलं.