वहिनींनी सांभाळलेली वेबसाइट

भंडारदऱ्याला आमच्या शेतात चार खोल्या बांधून पर्यटकांसाठी घरगुती मुक्कामाची सोय केली, तेव्हा वेबसाइट मी नगरच्या एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतली. पानभर फोटो, वरती सरकणाऱ्या ढगांचा व्हिडिओ. मला तिचं भारी कौतुक. पण मोबाईलवर भंडारदऱ्यातला मुक्काम शोधला, की आमचं नाव कुठेच नाही. पाचसहा पानं खाली गेल्यावर सापडायचं.

स्वयंपाक आणि आलेले फोन माझी थोरली वहिनी बघायची. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं ते पान माज्या फोनवर उघडंपत्तूर मानूस दुसरीकडं जेवून येईल."

मी हसलो. तिनं हात धुतले आणि शाळेची एक वही पुढं ठेवली. फोनवर लोक काय विचारतात ते तिनं दोन महिने लिहून ठेवलं होतं. गाडी दारापर्यंत येते का? संडास खोलीतच आहे का? जेवण फार तिखट असतं का? आमच्या वेबसाइटवर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मग व्हिडिओ काढला, फोटो हलके केले. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आणि उत्तरं वहिनीच्या, अशी टाकली. दर सोमवारी ती रस्त्याची, धरणातल्या पाण्याची खबर सांगायची, मी टाईप करायचो. पुढं तीच करू लागली.

काजवे बघायला येणाऱ्यांसाठी जूनमध्ये तिनं लिहिलं, 'काजवे संपले. त्यासाठी येऊ नका.' शिवाय शनिवारसाठी खोल्या ठरवलेल्या दोन्ही कुटुंबांना फोन करून तेच सांगितलं. दोघांनीही येणं रद्द केलं. मी भडकलो.

"असं कुणी आपल्या हातानं लिहितं का?"

"पोरं घिऊन नाशिकवरनं यायचं आन् नुसता अंधार बघून जायचं? तुमाला बरं वाटंल का?" ती शांतपणे म्हणाली.



त्यातलं एक कुटुंब ऑगस्टमध्ये धबधबे बघायला आलं. जाताना त्यांनी इंटरनेटवर लिहिलं, की इथं खरं सांगतात. ते वाचून आणखी लोक आले, त्यांनीही लिहिलं. आमचं नाव हळूहळू वर सरकलं आणि दिवाळीच्या सुमारास पहिल्या पानावर दिसू लागलं. नगरच्या त्या माणसाचा फोन आला, "कुणाला काम दिलं हो? चांगला जाणकार दिसतोय."

"आमच्या वहिनी," मी म्हणालो. इतक्या अभिमानानं मी क्वचितच काही सांगितलं असेल.

वहिनीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. आपन अंघोळीच्या पान्याचा बंब काढून सोलर बसवला, पानावर अजून बंबच हाय. आधी तेवढा फोटो बदला."