'तहान'ला लोटलेली गर्दी

हसणार नसाल तर एक फजिती सांगतो. हसणारच म्हणा! तर मी रॅपर होतो. हो, हाच मी!

पहिला सोलो अल्बम मी आणि आईनं ऐकला. त्यातही आई कुकर बंद करायला उठली, ती परत आलीच नाही. मग दुसरा काढला, 'तहान'. थेट दुष्काळावर! तेव्हा चिकलठाण्यात इमारतींवर रोज मजले चढत होते आणि नळांना घरघर लागली होती. विषय कसला ज्वलंत!

पण अप्पांनी बजावलं, "ह्या खेपंलाबी कुणी ऐकलं नाय, तर गुमान चितेगावच्या कंपनीत जायचं."

माझा मित्र सलीम ट्रक चालवायचा. त्याला पेन ड्राइव्ह दिला, म्हटलं, जाशील तिथं वाजव. चारच दिवसांत त्याचा फोन!

"अबे, तेरा गाना लगाया की पब्लिक घरां छोडको सडक पे आरी!"

मी अप्पांना ओढतच चिकलठाण्याला नेलं. नव्या वसाहतीच्या कोपऱ्यावर उभे राहिलो. लांबून माझं गाणं आलं आणि धाडधाड दारं उघडली! बाया धावल्या, म्हातारे धावले, एक गडी तर तोंडाला साबण तसाच ठेवून धावला. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं.

"हातात हंडे कशापायी रं?" अप्पांनी विचारलं.

"ताल धरायला, अप्पा!"

तेवढ्यात कोपऱ्यावरून वळला पाण्याचा टँकर. वर कर्णा, कर्ण्यात मी, स्टिअरिंगवर सलीम! गड्यानं ट्रक कधी सोडला, मला काय माहीत?

"हॉर्न बिगडा था ना यार!" तो ओरडला.

मी तरी मागं हटतोय का? टँकरवर चढलो आणि हात उंचावले. "दोस्तांनो, हे गाणं माझं!"

"तुझं व्हय?" खालून एक काकू कडाडल्या. "मंग वर काय नाचतूस? पाईप सोड की!"

अप्पांनी मला टँकरवरून खाली ओढलं. सोमवारी मी चितेगावात कामावर.

पुढं आमच्याही गल्लीचा नळ आटला. एका रविवारी लोळत पडलो होतो, तर लांबून तेच गाणं! ताडकन उठलो, दोन बादल्या उचलल्या, अनवाणी धावलो आणि धक्काबुक्की करत रांगेत घुसलो.

शेजारचा पोरगा म्हणाला, "गाणं लई भारी हाय राव! कुणाचं?"

मी खेकसलो, "गाणं गेलं खड्ड्यात! आधी बादली भरू दे!"