प्रधान बाई आणि राखाडी चौकटी

सुनंदामावशींवर अन्याय झाला तो नारळी पौर्णिमेच्या आदल्या सोमवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण मी त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि पालिका कार्यालयाच्या खिडकीतून परत आलेला अर्ज त्यांच्याआधी माझ्या हातात पडला. मावशी आमच्या अंधेरीच्या बाजारात मासळी विकतात, त्यांची आई विकायची त्याच ओट्यावर. बाजाराची नवी इमारत झाली आणि जुन्या विक्रेत्यांनी नव्या ओट्यासाठी अर्ज करावेत असं ठरलं. शेवटचा दिवस त्याच आठवड्यातला शुक्रवार. अर्ज संगणकावर भरायचा, ई-मेलने पाठवायचा, आणि नापास झाला की छापील प्रत खिडकीतून परत घ्यायची. ह्याला ते कागदमुक्त कारभार म्हणतात. मावशींच्या प्रतीवर शेरा होता: 'मजकुरात असंख्य चुका. अर्थबोध होत नाही. परत.'

"काय रं, काय लिवलंय त्यांनी?" मावशींनी विचारलं.

"मावशी, तुम्हाला ओट्यावरून उठवायचा डाव आहे हा!"

"डाव नंतर. आता माजा ओटा जातो का ऱ्हातो, ता सांग."

ते मला सांगता येईना. म्हणून मी पत्रक लिहिलं. मला तेच येतं. 'कष्टकरी कोळिणींचा आवाज दाबणाऱ्या बाबूशाहीचा धिक्कार!' असा मथळा टाकला आणि तासाभरात शिंद्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात दोनशे प्रती मागितल्या. शिंद्यांनी कागद पाहिला आणि छताकडे बोट दाखवलं. "आधी वर प्रधान बाईंना दाखव. त्यांनी वाचल्याशिवाय मी छापत नाय. मागे एकदा सोसायटीची नोटीस तशीच छापली, तर बाईंनी मला जिन्यात उभं करून ती वाचायला लावली. सगळ्यांसमोर, यार."

अशा रीतीने, भयंकर रागात, मी पहिल्यांदा प्रधान बाईंच्या दारात गेलो.

दार उघडं होतं. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, हातात एक फूटपट्टी. त्यांनी नाव विचारलं नाही. पत्रक घेतलं, टेबलावर ठेवलं, फूटपट्टी शेवटच्या ओळीखाली लावली आणि वाचायला सुरुवात केली. शेवटून. खालून वर, उजवीकडून डावीकडे, एकेक शब्द. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिघडलंय.

"सुरुवातीपासून वाचलं की आपण लिहिणाऱ्याच्या नादाला लागतो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा सापडतो. एकट्याला गाठलं की तो खरं बोलतो." मग फूटपट्टी मथळ्याशी पोचली. "एका पानावर एवढी उद्गारचिन्हं? तू लिहितोयस की ओरडतोयस?"

"बाई, अन्याय झालाय!"

"हो ना. मग तो दिसू दे की. तू मध्ये उभा राहिलास तर कसा दिसेल?" त्यांनी हिरव्या पेनाने माझी उद्गारचिन्हं एकेक करून खुडली, भाजी निवडावी तशी. "बसा, चळवळे. मूळ कागद कुठाय?"

तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'चळवळे' राहिलो. खुशीत असल्या की 'अहो चळवळे', आणि चिडल्या की नुसतं 'अरे'.

मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो पुन्हा शेवटून वाचला, आणि ह्या वेळी हिरवं पेन थांबेचना. माझ्या पत्रकात त्यांना एवढं खुडायला मिळालं नव्हतं. "शेरा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अर्थबोध होत नाही. कुणी टाइप केला हा?"

मी पिशवीचा बंद सारखा करू लागलो.

"बाबूशाहीने?"

"मी केला," मी म्हणालो. "पण फॉर्म इंग्रजीत होता!" (तो इंग्रजीत का होता ह्यावर माझं वेगळं पत्रक आहे.) "आणि मी बघत होतो, बाई. चुकलं की खाली लाल रेघ येते ना? एकही आली नाही. सबंध फॉर्मभर एक रेघ नाही! मला वाटलं, झकास, सगळं बरोबर आहे."

हे वाचून हसू नका. तुम्हीही तेच करता. आमची अख्खी पिढी लाल रेघ बघून लिहायला शिकली. रेघ आली की चूक, नाही आली की बरोबर. तिसरी शक्यता, की रेघ काढणाराच झोपलेला असेल, आमच्या डोक्यात येत नाही.

बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या संगणकावरचं क्रोशाचं कापड बाजूला केलं आणि मला तो फॉर्म ई-मेलमधून उघडायला सांगितलं. नेहमीचा वर्डचा फॉर्म: वर मथळा, खाली राखाडी चौकटी, चौकटीतच लिहिता येतं, बाकी कुठे हात लावता येत नाही. "लिही काहीतरी. वेडंवाकडं." मी चौकटीत मांजर चालल्यासारखी बोटं फिरवली. रेघ नाही. वरच्या पट्टीत स्पेलचेकचं बटण होतं, तेही मेल्यासारखं फिकट.

"कुलूप," बाई म्हणाल्या. "फॉर्मला कुलूप लावलं की आतली तपासणी बंद पडते. आणि ह्या चौकटींवर 'तपासू नये' अशी खूणही आहे. म्हणजे दोन्हीकडून बंद."

"बघा! कुणी हरामखोराने मुद्दाम..."

"अरे. तोंड सांभाळ. हा फॉर्म माझा आहे."

तेव्हा मला कळलं की प्रधान बाई निवृत्त झाल्या त्या ह्याच कार्यालयातून, वरिष्ठ लिपिक म्हणून. त्यांच्या काळी प्रत्येक नवा साहेब आला की फॉर्मात हात घालायचा. एकाने चौकटी डावीकडे नेल्या, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने मधल्या दोन उडवल्या आणि त्यातली एक अर्जदाराच्या नावाची होती. वैतागून बाईंनी एक पक्का फॉर्म बनवला, त्याला कुलूप लावलं आणि परवलीचा शब्द कुणालाही न सांगता निवृत्त झाल्या. साहेब बदलले, खाती बदलली, फॉर्म तोच राहिला. नुसता मथळा बदलायची वाट त्यांनी स्वतःच मोकळी ठेवली होती.

"साहेबांपासून वाचवला," बाई हळू म्हणाल्या, "आणि लोकांवर उलटला. मी स्वतः उलटं वाचून तपासायचे ना, मला कधी रेघेची गरजच पडली नाही. कळलंच नाही मला."

"परवलीचा शब्द आठवतो?"

"आठवतो. तिकडे बघ."

"सांगा ना. शिंद्यांना तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलंत."

"हा नाही. हे त्या तिसऱ्या साहेबांचं टोपणनाव आहे."

बुधवारी सुनंदामावशींना घेऊन बाईंकडे गेलो. तोवर बाईंनी खटपट करून ठेवली होती. कुलूप काढलं, चौकटींवरची 'तपासू नये' ही खूण पुसली, आणि एक मॅक्रो लिहिला, म्हणजे संगणकाला दिलेला कामांचा क्रम: शेवटची चौकट भरली की कुलूप उघड, मजकूर तपास, पुन्हा कुलूप लाव. मावशी सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. त्यांची आई, जुना परवाना, ओट्याचा नंबर, पाण्याचा नळ कुठे होता, सगळं. शेवटची चौकट भरली. लाल रेघा आल्या! इतक्या आल्या की मला कधी नव्हे ते लाज वाटली. सगळं दुरुस्त झालं, कुलूप लागलं, आणि आमच्या डोळ्यांसमोर सगळ्या चौकटी रिकाम्या झाल्या. सगळ्या. कोऱ्या करकरीत.

"गेला?" मावशी म्हणाल्या. "समदा गेला? आता परत सांगू? माज्या आयशीपासून?"

मी संगणकाचा धिक्कार करायला तोंड उघडलं होतं, पण बाई फूटपट्टी घेऊन आपलाच मॅक्रो शेवटून वाचायला लागल्या होत्या. "परत कुलूप लावताना 'भरलेलं पुसू नकोस' असं त्याला सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. त्याला वाटलं, नवा अर्जदार आला." एक छोटासा शब्द घातला. "सुनंदाबाई, माफ करा. आईपासून सांगा. ह्या वेळी मीही नीट ऐकते."

दुसऱ्यांदा चौकटी भरलेल्याच राहिल्या. मावशींनी पडद्याला हात जोडले. बाई म्हणाल्या, "त्याला नको. अजून कार्यालय आहे."

होतंच. गुरुवारी खिडकीवरच्या देसाईंनी ई-मेलने आलेला अर्ज बघितला आणि म्हणाले, "हा आमचा फॉर्म नाही. ह्यात छेडछाड झालीय. नियमाने बाद." माझ्या पिशवीत पत्रकं तयार होती. मी घोषणेसाठी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात मागून बाई पुढे आल्या आणि देसाई आपोआप उभे राहिले. त्यांना टायपिंग बाईंनीच शिकवलं होतं.

"बस रे. छेडछाड मी केलीय. आणि पहिली चूकही माझीच." त्यांनी एक कागद खिडकीत सरकवला. त्यावर लिहिलं होतं की फॉर्म बनवताना आपल्याकडून चूक झाली, त्यामुळे अर्जदारांना स्वतःच्या चुका दिसू शकल्या नाहीत, दोष अर्जदारांचा नाही, फॉर्मचा आहे. सबब दुरुस्त फॉर्म वापरात घ्यावा आणि ह्या कारणासाठी परत केलेले सर्व अर्ज पुन्हा मागवावेत. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा, 'निवृत्त'.

मी कार्यालयांत मोर्चे नेलेत, ठिय्या दिलाय, एकदा बांगड्या घेऊन गेलो होतो. कशानेच कुणी हललं नव्हतं. ह्या कागदाने मात्र अख्खी खोली हलली. देसाईंनी तो आत नेला. आतल्यांनी त्यांच्यावरच्यांना दाखवला. स्वतःची चूक लेखी कबूल करणारं माणूस तिथे आलंच नव्हतं कधी. हा कागद कुठल्या फायलीला लावायचा तेच कुणाला कळेना. 'तक्रार' म्हणावी तर तक्रार कुणाविरुद्ध नाही. 'विनंती' म्हणावी तर तीत दम दिल्यासारखं वाटत होतं. शेवटी एक साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं लेखी कशाला? तोंडी सांगितलं असतं तरी..."

"तोंडी चुकले नव्हते मी," बाई म्हणाल्या. "आवक क्रमांक टाका. मी थांबते."

त्या लाकडी बाकावर थांबल्या. मावशी शेजारी बसल्या. मी उभाच होतो, पिशवीतल्या पत्रकांचं काय करावं ते न कळून. क्रमांक पडला. शुक्रवारी, मुदत संपायच्या आत, सुनंदामावशींचा अर्ज स्वीकारला गेला, आणि त्यांच्यासारखेच परत आलेले आणखी काही जण पुढच्या आठवड्यात नव्याने बोलावले गेले. मावशी बाईंकडे पापलेटं घेऊन गेल्या, तर बाईंनी दारातच हात वर केले. "श्रावण आहे हो. छळू नका." गणपती झाल्यावर मात्र त्या स्वतः नव्या ओट्यावर आल्या, चष्मा लावला, सुरमईचे कल्ले उचलून इतका वेळ तपासले की मावशी ओरडल्या, "बाई, ती अर्ज नाय, मासळी हाय!"

पुढची दोन वर्षं माझं प्रत्येक पत्रक त्यांच्या टेबलावरून गेलं. "रागाला सही असू दे," त्या म्हणायच्या. "बिनसहीचा राग सगळ्यांना परवडतो." आणि मी कुणाला शिव्या घातल्या की, "चळवळे, ह्यात तुमची चूक किती? तीही लिहा. मग बघा कसा धाक बसतो." गेल्या मार्गशीर्षात, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. शिंद्यांनी दिवसभर दुकान बंद ठेवलं. देसाई आले होते, कोपऱ्यात उभे राहून रडले.

मागच्या महिन्यात एका बाईंचा अर्ज भरायला मी वेगळ्या कार्यालयाचा फॉर्म उघडला. राखाडी चौकटी, फिकट बटण, रेघ नाही. तिथे प्रधान बाई कधीच नव्हत्या; कुलूप दुसऱ्या कुणीतरी लावलंय, आणि ती व्यक्ती कदाचित हे वाचते आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, विनंती नाही करत. तुमच्या शाळेचा, सोसायटीचा, बँकेचा, खात्याचा असा एखादा फॉर्म तुमच्या हाताखाली असेल तर आज तो उघडा. चौकटीत काहीतरी चुकीचं लिहून बघा. रेघ आली नाही तर कुलूप काढा, तपासणी चालू करा, भरलेलं पुसलं जात नाही ना ते पाहा. आणि मग ज्यांचे अर्ज तुम्ही चुकांसाठी परत पाठवलेत त्यांना कळवा, की चूक आमची होती. लेखी. सहीनिशी.