चासिबने खाली ठेवलेला पेला

माझा धाकटा भाऊ चासिब आयुष्यभर उभाच राहिला. शेख मिझहरच्या मुधीफमध्ये, म्हणजे आमच्या कबिल्याच्या बोरूच्या मोठ्या बैठकीत, कॉफी करायची आणि वाढायची हे त्याचं काम. आधी आमच्या बापाचं होतं, मग त्याच्याकडे आलं. वाढणाऱ्याने बसायचं नसतं. डाव्या हातात किटली, उजव्यात पेले, आणि नजर पाहुण्याच्या मनगटावर ठेवायची. पाहुण्याने पेला हलवला की पुरे, नाही हलवला की पुन्हा घोटभर ओतायची. एवढं करून चासिबशी कोणी दोन वाक्यं बोलेल तर शपथ. भिंतीला टेकवलेल्या काठीइतकीच त्याची दखल.

पहिला पेला मात्र वाढणाऱ्याचा. तो सय्यदलाही नाही आणि खुद्द शेखलाही नाही. सर्वांदेखत आधी आपण प्यायचं, म्हणजे कॉफीत काही काळंबेरं नाही याची पाहुण्यांना खात्री पटते. तो प्याल्याशिवाय दुसऱ्या कोणाला थेंब मिळत नाही.

कॉफी कुटण्यात चासिबचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पितळी खलात मुसळी अशी काही ताल धरून वाजवायचा की दलदलीपलीकडच्या माणसांनाही कळायचं, आज बैठक आहे. तोंडाने न बोलणारा माझा भाऊ खलातून बोलायचा.

तो खल आमच्या बापाचा. सरकारने बांध घालून दलदलीचं पाणी तोडलं, मासे चिखलात मेले, म्हशी मातीमोल भावाने गेल्या, त्या उन्हाळ्यात आम्ही गाव सोडलं. चासिबच्या एका खांद्यावर खल होता आणि दुसऱ्यावर खय्यून. खय्यून आमच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ इराणच्या लढाईत गेला, वहिनीही फार दिवस जगली नाही, आणि पोर आमच्या पदरात आलं. वाटेत पाणी कमी पडलं. चासिब बापाच्या कॉफीच्या पेल्याने ते मोजून वाटायचा. पहिला पेला खय्यूनचा, मग माझा. त्याने स्वतः कधी घेतलं ते मी पाहिलं नाही.

कितीतरी वर्षं आम्ही शहराकडेच्या वीटभट्टीवर काढली. तिथेच चासिबचं लग्न झालं, रिहाब जन्मली, आणि ती चालायला लागायच्या आत तिची आई गेली. पुढे राजवट पडली, लोकांनी कुदळी घेऊन बांध फोडले, पाणी परत आलं, तसे आम्हीही आलो. पण पाणी पूर्वीएवढं नव्हतं, आणि जिथे आमच्या म्हशी डुंबायच्या तिथे तेल कंपनीचं कुंपण उभं होतं. आत एक उंच नळी अन् तिच्या टोकाला रात्रंदिवस जळणारा जाळ. त्याची काजळी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पहिल्यांदा मी खूप शिव्या घातल्या. मग रिहाब बसऱ्याला शिकली आणि त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत तेल तपासायला लागली. तेव्हापासून शिव्या जरा आवरत्या घेतल्या. ती घरी आली की अंगाला तेलाचा वास यायचा. मी म्हणायचे, असू दे बाई, पगाराचा वास आहे.

तिथेच काम करणारा अम्मार. घराणं सूक-अश-शुयूख या बाजारगावचं, माणसं सरळ. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडची वडीलधारी मंडळी मागणी घालायला आली. चासिबने त्या दिवशी स्वतःच्या घरात कॉफी केली, आणि पहिल्यांदाच मी त्याला वाढताना हसताना पाहिलं. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने पेला घेतला, ओठाला न लावता सतरंजीवर ठेवला आणि मान खाली घालून बसला. आमच्याकडे पाहुण्याने असा पेला खाली ठेवला की त्याला काही मागायचं असतं. यजमानाने 'प्या, दिलं' म्हटलं की तो पितो. चासिबने तोंड उघडलं, आणि बाहेर धाड धाड गोळ्या सुटल्या.

खय्यून होता. कंपनीच्या फाटकावर आमच्या कबिल्याचे जे पहारेकरी आहेत त्यांचा तो मुकादम. दोघांना घेऊन आला होता, हवेत बार काढत होता आणि ओरडत होता, "चुलतभाऊ आहे मी. नहवा घालतोय. ही दुसरीकडे द्यायची नाही."

नहवा म्हणजे चुलतभावाचा अडसर. तो घातला की मुलगी एक तर त्याच्या घरात, नाही तर बापाच्या घरात, केस पिकेपर्यंत. कायद्याने हा गुन्हा आहे, पण ठाण्यातला हवालदारही कोणाचा तरी चुलतभाऊच असतो.

पाहुणे उठून गेले. भरलेला पेला तसाच सतरंजीवर राहिला. जन्मभर दुसऱ्याच्या पाहुण्यांना कॉफी पाजणाऱ्याच्या घरून पाहुणा न पिता गेला. ती कॉफी मीच अंगणात ओतली. दुसऱ्या दिवसापासून चासिबच्या खलातला ताल गेला. नुसतं ठक ठक कुटायचा.

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्याच दिवशी खय्यूनच्या घरी गेले.

"काय रे, तुझ्या बायकोला विचारलंस का, सवत चालेल म्हणून?"

"आत्या, ही पुरुषांची गोष्ट आहे."

"तुझं ढुंगण मी धुतलंय. मला पुरुष शिकवू नकोस."

तो हसला. हसतो छान, मेला, अगदी आमच्या थोरल्यासारखा. म्हणाला, "आत्या, तेल आपल्या जमिनीखालचं. त्याची काजळी आपण खायची, आणि त्याचा पगार शुयूखच्या बाजारात जायचा? रिहाब घरातच राहिली तर काय बिघडलं?"

"म्हणजे तुला पोरगी नकोय, पगार हवाय."

आत त्याच्या बायकोने पातेलं इतक्या जोरात आपटलं की मला उत्तर मिळालं.

सय्यद अलवान आमच्या मशिदीचे. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं की मुलीच्या होकाराशिवाय निकाह होत नाही. तर हा म्हणतो, "मी कुठे जबरदस्ती करतोय? माझ्याशी नको तर नको. फक्त दुसऱ्या कोणाशीही नाही." शेख मिझहरकडे गेले तर शेख म्हणाले, "रमजान होऊ दे, मग पाहू." शेखची अडचण मला कळत होती. कंपनीची माणसं ईदला येणार होती, आणखी पहारेकरी घ्यायचं ठरणार होतं, आणि ती सगळी पोरं खय्यूनच्या हाताखालची. घराघरातून नोकरीच्या आशेने लोक खय्यूनपुढे मान तुकवत होते. तेलाने आमच्याकडे शेखही बदलला आणि मुकादमही शेख झाला.

रोजे सुरू असताना रिहाब मला म्हणाली, "आत्या, अम्मारची किर्कुकला बदली झालीय. ईद झाली की जाणार. त्याच्या घरचे म्हणतात, ईदपर्यंत थांबू, नंतर दुसरं बघू."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो थांबेन. पण आत्या, कुठवर?"

चासिब दाराशी पेले पुसत बसला होता. त्याने ऐकलं. पुसलेला पेला पुन्हा पुसला.

ईदच्या सकाळी मुधीफ भरला होता. आम्ही बायका मागच्या बाजूला भात आणि साय-भाकरीच्या नादात होतो. मागच्या भिंतीला बोरूची जाळी आहे. तिला डोळा लावला की आतलं सगळं दिसतं. मी भात ढवळत कमी आणि बघत जास्त होते. मधोमध शेख, उजवीकडे सय्यद, डावीकडे कंपनीचे दोन साहेब, बगदादचे, बूट काढून अवघडून बसलेले. कमानीखाली खय्यून, पट्ट्याला पिस्तूल.

शेख आपली आवडती गोष्ट सांगत होते. प्रत्येक पाहुण्याला ती ऐकावीच लागते. त्यांच्या पणजोबांच्या मुलाला शत्रू कबिल्यातल्या एकाने मारलं होतं. तो मारणारा स्वतः मुधीफमध्ये आला, पेला खाली ठेवून बसला, आणि पणजोबांनी पोटच्या पोराचं रक्त माफ केलं. "या बैठकीत आजवर एकही पेला थंड होऊन परत गेलेला नाही," शेख म्हणाले. साहेबांनी माना डोलावल्या. "चासिब, कॉफी आण."

चासिब आला. पहिला पेला भरला, स्वतःचा. तो ओठापर्यंत नेला आणि थांबला. मग किटली चुलवणाच्या कडेला ठेवली, गुडघे मोडले आणि बैठकीच्या मधोमध चटईवर बसला. भरलेला पेला त्याने आपल्यापुढे खाली ठेवला.

माझ्या हातातला डाव भातातच राहिला.

शेख हसून म्हणाले, "गुडघे दुखतायत का रे? उठा कोणीतरी, वाढा."

कोणी उठेना. सय्यद हळूच म्हणाले, "शेख, पहिला पेला खाली आहे. आम्ही कसे घेणार?"

एका साहेबाने शेजाऱ्याला विचारलं, "हे काय चाललंय?" शेजारी म्हणाला, "आत्ता ऐकलीत ना गोष्ट? तीच."

शेखचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सगळा गाव, सय्यद, बगदादचे साहेब, आणि ईदच्या दिवशी पाहुणे कोरडे. पणजोबांची गोष्ट तर नुकतीच सांगून झालेली. शेख म्हणाले, "पी, चासिब. मागशील ते दिलं."

"मागणं तुमच्याकडे नाही," चासिब म्हणाला. त्याचा आवाज त्या बैठकीत पहिल्यांदाच ऐकू येत होता. "माझ्या पुतण्याकडे आहे. खय्यून, नहवा उचल."

खय्यून लाल झाला. "काका, घरातली गोष्ट इथे कशाला?"

"घरात माझा पाहुणा न पिता गेला. म्हणून इथे."

"माझा हक्क आहे तो."

"खय्यून, मी शब्द दिलाय," शेख म्हणाले.

"शब्द तुमचा, शेख. चुलतबहीण माझी."

बैठकीत कुजबूज झाली. शेखला असं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. खय्यूनचा हात पट्ट्याकडे गेला, सवयीने असेल. चासिब मात्र हलला नाही. पेल्यातली वाफ थांबली. निखाऱ्यांजवळची किटली करपायला लागली, तरी तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, आता हा खय्यून उठून बाहेर जाईल, दार आपटेल, आणि माझ्या पोरीचं सगळं इथेच संपेल.

बायकांनी त्या बैठकीत बोलायचं नसतं. मी जाळीला तोंड लावलं आणि बोलले.

"खय्यून, गाव सोडलं त्या उन्हात पाणी संपत आलं होतं. तेव्हा तो पेला आधी कोणाच्या तोंडाला लागत होता, सांग सगळ्यांना."

बसलेल्यांच्या सगळ्या माना जाळीकडे वळल्या. खय्यूनने वळून पाहिलं नाही. तो पेल्याकडे बघत होता. कड उडालेला, आमच्या बापाचा पेला. एवढासा होता खय्यून तेव्हा, मला वाटायचं विसरला असेल. विसरला नव्हता. त्याचे ओठ लहान पोरासारखे वाकडे झाले.

तो उठला. चासिबपुढे येऊन गुडघ्यांवर बसला, पेला दोन्ही हातांनी उचलला आणि काकापुढे धरला.

"पी, काका. रिहाब आजपासून माझी बहीण."

"सर्वांदेखत?"

"सर्वांदेखत. कोणाचंही स्थळ येऊ दे, मी आड येणार नाही."

चासिबने ती गार कॉफी एका घोटात संपवली आणि पेला हलवला. मग खय्यूनच्या डोक्यावर हात ठेवून, त्याच्याच आधाराने उठला. किटलीत डोकावून म्हणाला, "ही करपली. नवी करतो."

शेखने इतका लांब श्वास सोडला की मला जाळीतून ऐकू आला. सय्यदांनी अल्लाचे आभार मानले. मी भाताकडे वळले तर तो खाली लागला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग खल वाजायला लागला. हिवाळ्यापासून हरवलेला ताल होता तो, आधी हळू, मग चढत गेलेला. मी पदराने डोळे पुसत घराकडे पळाले. रिहाब दारातच उभी होती.

"आत्या, बाबांनी ताल धरलाय," ती म्हणाली. मी काही सांगायच्या आधीच ती रडायला लागली होती.

संध्याकाळी मी चासिबला विचारलं, "हे कधी ठरवलंस?"

"ठरवलं कुठे? गुडघे दुखत होते," तो म्हणाला. एवढं खोटं बोलायला तरी शिकला.

अम्मारची बदली झाली ती झालीच. पण जायच्या आधी त्याची वडील मंडळी पुन्हा आली. दाराशी स्वागताला खय्यून उभा होता, पिस्तूल घरी ठेवून, आणि त्याची बायको आमच्या स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा मोठ्याने हसत होती. चासिबने पहिला पेला स्वतः प्याला, मग दुसरा भरून त्याच म्हाताऱ्याला दिला. म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे तो न पिता खाली नेला.

पेला सतरंजीला टेकायच्या आधीच माझा भाऊ म्हणाला, "प्या."