तुरुंगात वारला, असे लिहिताना

वाचनालयाच्या ओसरीवरचा फळा रोज मी लिहीत असे. चिखलीहून मोटारीने वर्तमानपत्र आले की ठळक बातम्या खडूने उतरवायच्या, संध्याकाळी पुसायच्या. उजव्या कोपऱ्यात मात्र गावातल्या मयतांची नोंद असे: नाव, बापाचे नाव, कुठे वारला, दहावा कधी. ती दहाव्यापर्यंत कुणी पुसत नसे. परगावच्या सोयऱ्यांना बाजाराच्या दिवशी तिथेच कळायचे.

इंग्रजांची लढाई सुरू झाली तशी फळ्यावर काय लिहू नये याची यादी वाढत गेली. पूर्वी राजद्रोह म्हणजे सरकारविरुद्ध लोकांना चेतवणे, एवढे आम्हाला ठाऊक होते. मग सरकार छापखान्यांकडून जामीन मागू लागले. आता फौजेच्या माघारीची बातमी, भाववाढीचा अंदाज, साधी अफवासुद्धा गुन्ह्यात आली. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. एका तक्रारीवर नोकरी गेली असती. म्हणून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला होता: हे लिहायचे, हे नाही, हे विचारून.

त्या कागदात न बसणारी गोष्ट घेऊन एक शेतकरी आला. बाजारात लढाईविरुद्ध भाषण केले म्हणून त्याचा मुलगा पकडला गेला होता. तो तुरुंगात तापाने गेला, असा निरोप सकाळीच आला होता. गावात मात्र कुजबुज होती की पोराने माफी लिहून दिली, सुटला आणि मोगलाईत, निजामाच्या मुलखात पळाला.

"तुरुंगात वारला असं लिवा, मास्तर."

"नुसतं 'वारला' लिहिलं तर चालेल का, दादा?"

"काऊन? बाकीच्याइचं लिहता ना, कुठं मेला ते? का माह्या पोरालेच जागा नाही?"

"जागा आहे हो. मला भीती वाटते."

"मले नाही वाटत का? घरी अजून एक पोरगा हाये. पण माफीवाला म्हणून गेलेल्याच्या दहाव्याले कोणी आलंच नाही, त मी कोणाले तोंड दाखवू?"

मी सायकल काढली आणि चिखलीच्या एका ओळखीच्या वकिलांना गाठले. खरे लिहिले तर गुन्हा कसा, असे विचारले.

"खरं-खोटं अब्रूच्या दाव्यात पाहतात, मास्तर. इथं पाहतात ते वाचून लोकांच्या मनात काय येईल. आणि ते ठरवणार फौजदार."

"मग लिहू की नको?"

"तुम्ही मला भेटलाच नाहीत असं समजा."

दुसऱ्या दिवशी शाळेआधी 'तुरुंगात वारला' असेच लिहिले. अक्षर इतर नावांएवढेच ठेवले, एकही विशेषण घातले नाही. येणारेजाणारे वाचत आणि लगेच चालू लागत.

दुपारी पोलीस ठाण्याचे जमादार आले.

"कोणी लिवलं?"

"मी."

"पुसा."

"दहाव्याच्या आधी?"

त्यांनी फळ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. त्यांच्या आईचे नावही कधीकाळी त्याच कोपऱ्यात होते. "मी काही पुसत नाही," ते म्हणाले. "फळा भिंतीकडं फिरवा."

मी फिरवला. दुसऱ्या दिवसापासून लोक ओसरीवर येत, भिंत आणि फळा यांच्यामधल्या फटीला डोळा लावून पाहत. कोण येऊन गेले हे ठाण्यावर कळत असणारच. शाळेत दाराशी सावली पडली तरी मी शिकवायचा थांबत असे.

दहावा नदीवर होता. जमादार कागद-पेन्सिल घेऊन बाभळीखाली उभे होते. त्यांना पाहून वळणावरच माणसांची पावले थबकली. बाप ओल्या धोतराने वर आला.

"नावं लिहून राह्यले का, जमादार?"

"हुकूम हाये, दादा."

"मंग वर हेबी लिहा, तो कुठं मेला ते."

"ते पहिलंच लिवलं," जमादार मान वर न करता म्हणाले.

वळणावरच्यांनी ते ऐकले. थोड्या वेळाने एकजण पुढे आला, मग दुसरा. माफीची गोष्ट पसरवणारा दुकानदारही खाली मान घालून आला. मीही निघालो. मी जवळ पोचायच्या आतच जमादारांची पेन्सिल हलली. माझे नाव त्यांना विचारावे लागले नाही.